खड्ड्यात टक्, ब्रेकला खट्

पावसाळा ओसरला की गॅरेजमध्ये एक वाक्य दिवसभर कानावर पडतं: ‘जरा बघा ना, पुढून आवाज येतोय.’ एवढ्यावर मेकॅनिक तरी काय करणार? तो गॅरेजसमोरच्या रस्त्यावर एक चक्कर मारून येतो, तेव्हा आवाज नेमका गप्प असतो. मग गाडी वर चढते, हाताला जे ढिलं लागेल ते बदललं जातं, बिलावर लिंक रॉड, लोअर आर्म, शॉकअप असं एकाखाली एक लागत जातं, आणि घराजवळच्या त्याच खड्ड्यात गाडी पुन्हा ‘टक्’ करते.

यात कुणाची लबाडी असतेच असं नाही. पुढच्या भागात झिजणारे सांधे आणि रबरी बुश मिळून डझनभर सहज भरतात. शिवाय पत्रा आवाज कुठूनही कुठेही नेतो. डाव्या चाकाचा ठोका चालवणाऱ्याला आपल्या पायाखाली वाटतो. पण प्रत्येक सांध्यावर जोर येण्याची वेळ ठरलेली असते. एखादा फक्त एक चाक खाली गेलं की कामाला लागतो, एखादा ब्रेक दाबल्यावर, एखादा स्टिअरिंग वळवल्यावर. म्हणून काय खराब झालंय हे नंतर बघावं. आवाज नेमका कधी येतो, हे आधी. आणि ते मालकालाच चांगलं कळतं, कारण गाडी रोज तो चालवतो.

पुढच्या चाकाला धरून ठेवणारी मंडळी

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या आणि मध्यम गाड्यांना पुढे मॅक्फर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅक्फर्सन या अमेरिकी इंजिनिअरच्या नावाची ही रचना. त्याने तिच्यावर १९४०च्या दशकात जनरल मोटर्समध्ये काम केलं, आणि पुढे तो फोर्डमध्ये गेल्यावर १९५० साली लंडनच्या मोटार प्रदर्शनात मांडलेल्या कॉन्सल आणि झेफर या गाड्यांमुळे ती गाजली. आपल्याकडे १९८३च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि तिच्याबरोबर ही रचना घरोघर पोचली.

वरून शॉकअप आणि त्याभोवती स्प्रिंग, डोक्यावर रबरी माउंटिंग आणि बेअरिंग. खालून लोअर आर्म. तो गाडीच्या सांगाड्याला दोन बुशांनी आणि चाकाच्या बाजूला बॉल जॉइंटने जोडलेला. स्टिअरिंग रॅकमधून येणारा टाय रॉड चाक वळवतो, एक्सल ते फिरवतो. आणि डाव्या-उजव्या चाकांना एकमेकांशी बांधणारी आडवी वाकडी दांडी म्हणजे स्टॅबिलायझर बार. वळणावर गाडी कलू नये म्हणून ती असते. या दांडीचं टोक आणि शॉकअप यांच्यामधला वीतभर दुवा, ज्याच्या दोन्ही टोकांना छोटे बॉल जॉइंट असतात, तो लिंक रॉड. जुन्या मारुती ८००मध्ये असा वेगळा दुवा नाही, बारचं टोक थेट लोअर आर्ममध्ये जातं; तिथे तपासायचे ते टोकाचे बुश.

एक चाक खड्ड्यात, की दोन्ही?

सगळ्यात उपयोगी परीक्षा हीच, आणि तिला पान्हासुद्धा लागत नाही. गर्दी नसलेला स्पीडब्रेकर शोधा. धड बांधलेला गतिरोधक बरा: इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, साधारण २५ किलोमीटरच्या वेगाने पार करता येईल असा असतो. (गल्लीतल्या लोकांनी रात्रीतून घातलेला सिमेंटचा उंचवटा यात मोजायचा नाही. त्यावरून नवी कोरी गाडीही आवाज करेल.)

आधी सरळ जा, म्हणजे दोन्ही पुढची चाकं एकाच वेळी चढतील. मग तोच स्पीडब्रेकर तिरका घ्या, एक चाक आधी, दुसरं नंतर. सरळ जाताना शांत आणि तिरकं जाताना ‘टक्-टक्’ असेल, तर संशय स्टॅबिलायझर बारच्या कुळावर, म्हणजे लिंक रॉड किंवा बारला धरणारे बुश यांच्यावर घ्यावा. कारण असं, की दोन्ही चाकं बरोबरीने वर गेली तर बार आपल्या बुशांमध्ये नुसता फिरतो, त्याला पीळ पडत नाही आणि लिंक रॉडवर फारसा जोर येत नाही. एकच चाक हललं की बार पिळला जातो आणि झिजलेल्या लिंकमधली फट दोन्ही बाजूंनी आपटते.

उलट, सरळ जातानाही चाक वर येताना किंवा उतरून खाली लोंबताना जाड, बोजड ‘धप्’ येत असेल, तर शॉकअप, त्याचं वरचं माउंटिंग आणि आतला बंप स्टॉप (शेवटचा धक्का झेलणारा ठोकळा) बघायचे. शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओला थर आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर तो गळतोय. बोनेटवर दाब देऊन गाडी किती वेळा डोलते हे बघण्याची जुनी रीत अजून चालते, पण माझा तिच्यावर फार भरवसा नाही. पार मेलेला शॉकअप तिने कळतो. अर्धमेला हमखास निसटतो.

लिंक रॉड: पहिला संशयित

बारीक खडी, पेव्हर ब्लॉकचा रस्ता, वेग वीसच्या आत, आणि कुणीतरी पत्र्यावर हलक्या हाताने टिचक्या मारतंय असा कोरडा आवाज. वेग वाढला की तो टायरच्या आणि वाऱ्याच्या आवाजात बुडतो. ही लक्षणं जुळली तर लिंक रॉडपासून सुरुवात करावी, कारण तो सगळ्यात जास्त मार खातो, बदलायला सोपा असतो आणि यादीत स्वस्तही असतो.

गंमत अशी, की गाडी लिफ्टवर चढवली की हाच पार्ट निर्दोष दिसतो. दोन्ही चाकं लोंबकळल्यावर बार लिंकला ताणून धरतो, फट झाकली जाते, आणि हाताने हलवलं तर काही हलत नाही. म्हणून तो गाडी चाकांवर उभी असताना, पिटमध्ये उतरून किंवा चार खांबी रॅम्पवर बघायचा. लिंक मुठीत धरून वरखाली झटके द्या. बॉल जॉइंट धड असेल तर तो गोलाकार वळेल, पण घट्ट वळेल. संपलेला असेल तर बोटांना ‘कट्’ असा ठोका लागतो, आवाज येण्याआधीच. जॉइंटवरचं रबरी बूट बघा. ते फाटलेलं असेल, त्यातून गंजमिश्रित तपकिरी पाणी ओघळलेलं असेल, तर पावसाने आतलं ग्रीस कधीच धुऊन नेलंय.

तरी शंका उरली तर एक शेवटचा उपाय आहे, तो मेकॅनिकलाच करू द्यावा. दोन्ही बाजूंच्या लिंक सोडवायच्या, बार आणि लिंक कुठे घासणार नाहीत असं बांधून ठेवायचं, आणि गॅरेजच्या आसपास सावकाश एक फेरी मारायची. आवाज पूर्ण थांबला तर गुन्हेगार बारच्या कुळातला. तसाच राहिला तर ते कूळ निर्दोष. लिंकशिवाय गाडी वळणावर जास्त कलते, तेव्हा हे फक्त फेरीपुरतं. एकच बाजू सोडून उपयोग नाही.

ब्रेक दाबला की ‘खट्’

ब्रेक लावताना एकदाच ‘खट्’, आणि रिव्हर्समध्ये जाऊन पुन्हा ब्रेक लावला की पुन्हा एक ‘खट्’. बहुधा लोअर आर्मचा मागचा, मोठा बुश गेलेला असतो. ब्रेक लागला की रस्ता चाकाला मागे रेटतो. फाटलेल्या रबरात आर्म सरकतो आणि लोखंडावर आदळतो. गाडी वर असताना टॉमी (छोटी पहार) घालून आर्म हलवला की रबर आणि धातू यांच्यामधली भेग उघडी पडते. वरवरच्या बारीक चिरांवरून मात्र बुश बदलायला जाऊ नये, म्हाताऱ्या रबराला त्या पडतातच.

ब्रेकशी नातं असलेला दुसरा आवाज याच्या उलट वागतो. खडबडीत रस्त्यावर सतत खडखड, पण ब्रेकवर नुसता पाय टेकवला की गप्प. तिथे सस्पेन्शनला हात लावायचं कारण नाही. कॅलिपरच्या सरकत्या पिना झिजल्यात किंवा ब्रेक पॅडच्या क्लिपा पडल्यात; पॅड बदलताना जुन्या क्लिपा तशाच ठेवल्या किंवा अजिबात बसवल्या नाहीत, तर हेच होतं. ब्रेकवर पाय टेकवायची ही परीक्षा रिकाम्या रस्त्यावर, मागे कुणी नाही हे पाहूनच करून बघा.

वळवताना

स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढे निघताना ‘कट-कट-कट’ असा, वेगाबरोबर भरभर होणारा आवाज म्हणजे एक्सलचा बाहेरचा सीव्ही जॉइंट. त्याचं बूट फाटलेलं असतं आणि रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे फराटे उडालेले असतात. याला फार शोधावं लागत नाही.

उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग अडकून सुटल्यासारखा ‘टण्ण’ आला, तर शॉकअपच्या डोक्यावरचं बेअरिंग जाम झालंय. एकाने स्टिअरिंग फिरवायचं आणि दुसऱ्याने बोनेट उघडून वरच्या माउंटिंगवर तळवा ठेवायचा. धक्का हाताला लागतो. स्प्रिंगच्या वेढ्यांत बोटं घालू नका.

ठोका कानापेक्षा हाताला, स्टिअरिंगच्या चाकात जास्त जाणवत असेल तर रॅक, रॅक एंड (टाय रॉडचा रॅककडचा सांधा) किंवा स्टिअरिंग कॉलमचा खालचा जोड बघायला सांगा.

चाक धरून हलवताना

गाडीला जॅक लावला, चाक जमिनीपासून सुटलं, की ते दोन प्रकारे हलवून बघतात. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये; खाली स्टँड हवेत, विटा नकोत, त्या भारानं फुटतात.

आधी हात घड्याळातल्या ९ आणि ३च्या जागी. खेळ जाणवला तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड. मग हात १२ आणि ६वर. इथे खेळ असेल तर लोअर आर्मचा बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग. या दोघांत निवाडा करायचा असेल, तर आत बसलेल्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा, कारण ब्रेकने फिरता भाग आणि स्थिर भाग एकमेकांना आवळले गेले. खेळ तसाच राहिला तर बॉल जॉइंटकडे वळा.

जे सस्पेन्शन नाहीच

पहिल्यांदा चाकाचे नट. नुकतं पंक्चर काढलं असेल तर आधी तेच आवळून बघावेत. यादीत सगळ्यात सोपं आणि सगळ्यात धोक्याचं काम हे. मग बॅटरीची पट्टी, बोनेटचं लॉक, इंजिनखालची लोखंडी प्लेट, चाकावरचं प्लॅस्टिक अस्तर, नंबर प्लेट. गिअर टाकून क्लच सोडताना किंवा ऑटोमॅटिकमध्ये डीवरून आरवर नेताना धक्का बसत असेल तर इंजिन माउंटिंग.

आवाज डावीकडचा की उजवीकडचा हे ठरवायला एक लांब कंपाउंड वॉल शोधा. काचा खाली करून तिच्या कडेने सावकाश जा, मग उलट दिशेने या. भिंतीकडच्या चाकाचा आवाज परतून स्पष्ट ऐकू येतो.

आणि गॅरेजमध्ये गेल्यावर ‘पुढून आवाज’ म्हणू नका. ‘दादा, डाव्या बाजूने येतोय, वीसच्या आत, एकच चाक खड्ड्यात गेलं की, ब्रेकला येत नाही’ एवढं सांगा आणि त्याला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर न्या. अर्धं काम तिथेच होतं.

नवे पार्ट घातले, आवाज मात्र तोच

निदान चुकलं असेल, किंवा पार्ट बरोबर पण बसवणं चुकलं असेल. दुसरी शक्यता लोकांच्या लक्षात येत नाही. लोअर आर्मच्या बुशाचं रबर आतल्या आणि बाहेरच्या धातूला चिकटवलेलं असतं. गाडी लिफ्टवर लोंबकळत असतानाच त्याचा बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी चाकांवर आल्याबरोबर रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. शेवटची आवळण गाडीचा भार चाकांवर असताना करायची. घाईच्या गॅरेजमध्ये ही पायरी गाळली जाते. मालकाने उभं राहून विचारलं तर गाळली जात नाही.

लिंक रॉडचा नट आवळताना आतला बॉलचा दांडा त्याच्याबरोबर फिरतो. तो ॲलन कीने धरला नाही तर नट घट्ट वाटतो, पण असतो ढिला. शॉकअपच्या माथ्यावरचा नटही असाच फसवतो. टाय रॉड, लोअर आर्म किंवा शॉकअप उतरवला असेल तर अलाइनमेंट करून घ्यावी, नाहीतर टायर एका कडेने खाल्ले जातात. आणि जुने पार्ट मागून घ्या. हाताने हलवून बघितले की नेमकं काय संपलं होतं ते कळतं.

गाडी हलवूच नये अशी वेळ

खडखडणारा लिंक रॉड घेऊन आठवडाभर ऑफिसला जाता येतं. बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड यांना ही सवलत नाही. बॉल जॉइंट खोबणीतून निसटला तर चाक बाहेर फेकलं जाऊन गाडी त्या बाजूला बसते. टाय रॉड सुटला तर एक चाक स्टिअरिंगचं ऐकेनासं होतं. ठोक्याबरोबर गाडी एका बाजूला ओढू लागली, स्टिअरिंगला नवा खेळ आला किंवा चाक आपल्या कमानीत तिरकं दिसू लागलं, तर घाटात शिरू नका, महामार्गावर तर नाहीच. गाडी बाजूला घ्या आणि टोइंगवाल्याला अख्खी गाडी वर घेणारी फ्लॅटबेड आणायला सांगा. पुढची चाकं टांगून नेणारी क्रेन अशा गाडीला चालत नाही.