छपरावर चढण्यापूर्वी

मृग तोंडावर आला की वऱ्हाडात छपरांची कामे निघतात. खेड्यात कवेलू फेरले जातात, अमरावती-अकोल्यात जिनिंगच्या शेडचे व गोदामांचे पत्रे बदलले जातात. याच दिवसांत छपरावरून पडलेले रुग्ण दवाखान्यात येऊ लागतात.

कारणे साधी असतात. सिमेंटचा जुना पत्रा दिसायला मजबूत, पण उन्हापावसाने ठिसूळ झालेला असतो. पाय पडताच तो फुटतो आणि माणूस सरळ खाली येतो. कधी वासा कुजलेला असतो, कधी शिडी सरकते. त्यात मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो. तापलेल्या पत्र्यावर भोवळ येते.

उंचावरून पायांवर पडणाऱ्याची टाच मोडते. पण धक्का तेथेच थांबत नाही, तो कमरेच्या मणक्यापर्यंत पोचतो. म्हणून टाच मोडलेल्याची पाठही तपासावी लागते. मणका मोडला तरी आतील मज्जारज्जू शाबूत असू शकतो. अशा रुग्णाला हातपाय धरून उचलले किंवा मोटारसायकलवर मध्ये बसवून नेले, तर मज्जारज्जूला इजा होऊन पाय कायमचे लुळे पडू शकतात.

म्हणून कोणी पडल्यास हे करावे :

१) त्याला उठवून बसवू नये. डोके व मान आहे तशी स्थिर धरून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

२) रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाने दाबून धरावे.

३) हलविणे भागच असेल तर डोके, मान व कंबर एका रेषेत ठेवून चौघांनी मिळून फळीवर घ्यावे.

४) पाणी, चहा पाजू नये. पाठ किंवा पाय चोळू नये.

पायांना मुंग्या, बधिरपणा किंवा लघवी अडकणे ही मणक्याच्या इजेची लक्षणे समजावीत. डोक्याला मार लागलेला माणूस बोलतो आहे म्हणून निर्धास्त राहू नये. आत रक्तस्राव झाल्यास काही तासांनी उलट्या, गुंगी सुरू होते. अशांना विलंब न करता अमरावतीचे इर्विन किंवा अकोल्याचे सर्वोपचार, जे जवळ असेल ते रुग्णालय गाठावे.

पत्र्यावर थेट पाय न देता आडव्या फळ्या टाकून चालावे. शिडी खाली एकाने धरावी. सुरक्षा पट्ट्याचा दोर पत्र्याला नव्हे, पक्क्या आधाराला बांधावा. काम सकाळी उरकावे, दारू पिऊन कोणी चढू नये. कामावर इजा झाल्यास मालकाने भरपाई द्यावी, हे तत्त्व आपल्या कायद्यात १९२३ पासून आहे. पण लुळे पडलेले पाय भरपाईने परत येत नाहीत. फळी आणि दोर यांचा खर्च त्यापुढे काहीच नाही.