आजीची दमणी पुन्हा रस्त्यावर

आपल्यापैकी अनेकांच्या गोठ्यामागे किंवा छपरीत एखादी जुनी गाडी धूळ खात पडलेली असेल. ट्रॅक्टर आला, मोटारसायकल आली आणि गाडीची चाके थांबली. अशाच एका गाडीची ही हकीकत आहे. तिच्यात माझी एक चूकही आहे. ती मुद्दाम सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही.

पैठण तालुक्यातल्या एका गावी कपाशीवरची बोंडअळी पाहायला गेलो होतो. पाहणी झाल्यावर त्या घरी चहाला बसलो. छपरीत दमणी उभी होती. दमणी म्हणजे माणसांच्या प्रवासाची हलकी गाडी. वर तट्ट्याचे छत, आत कडब्यावर घोंगडी, खाली टांगलेला कंदील. लग्नाला, माहेराला, जत्रेला हीच जायची. जत्रेत मुक्काम पडला की तिच्यात निजायचे आणि तिच्याच सावलीत तीन दगडांची चूल मांडायची. चाकावरचे घरच ते!

रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याने ही दमणी शोभेसाठी विकत मागितली होती. मुलगा द्यायला तयार होता. म्हातारी आई मात्र अडून बसली होती. ती म्हणाली, "साहेब, ह्याच गाडीतून मी ह्या घरात आले. एकदा नाथषष्ठीला तिच्यात बसून पैठणला जाऊ द्या, मग खुशाल विका."

मुलाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "आधी गाडी तपासू, मग ठरवू."

तपासणी कशी करावी

जुन्या लाकडावर लहान हातोडीने ठोकत जावे. टणक आवाज आला तर लाकूड चांगले. भदभद आवाज आला तर आत वाळवी किंवा किडा. शंका आली तिथे दाभण टोचून पाहावे. ते सहज आत गेले तर तो भाग बदलावाच लागतो. या दमणीच्या दांड्या सागाच्या होत्या, त्या धड निघाल्या. साटा किरकोळ दुरुस्तीचा होता. एका चाकाचे मात्र दोन पुठ्ठे आणि तीन आरे कुजले होते.

शेजारच्या गावी सत्तरी ओलांडलेले एक सुतारकाका आहेत. गाडीची चाके बांधणारे त्या भागात तेच उरले आहेत. त्यांचा नातू शहरात ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवतो. काका म्हणाले, "बाभूळ पाहिजे, पण मुरलेली. वर्षभर सावलीत पडलेली."

तशी बाभूळ लगेच मिळेना. त्याच उन्हाळ्यात बांधावर पडलेली एक बाभूळ घरचीच होती. दसऱ्यापर्यंत काम व्हावे म्हणून मीच म्हणालो, "काका, हीच वापरा. चार महिने झालेत की." काकांनी मान हलवली, पण साहेबांपुढे बोलले नाहीत.

दसऱ्याला चाक तयार झाले. मार्गशीर्षात गाडी रिकामी शेतात नेली, तर ओढ्याच्या उतारावर चाकाचे आरे खुळखुळले, पुठ्ठे उघडले आणि गाडी एका अंगाला कलली. बैल घाबरले, पण कोणाला लागले नाही. आत आजी बसली असती तर? त्या रात्री मला नीट झोप आली नाही.

कारण साधे होते. ओले लाकूड सुकताना आडव्या अंगाने आक्रसते, लांबीत फारसे नाही. त्यामुळे खाचेत घट्ट बसवलेला आरा वाळल्यावर सैल होतो. हे मी कॉलेजात शिकलो होतो. काकांनी ते हाताने शिकले होते. मी त्यांची माफी मागितली. ते एवढेच म्हणाले, "लाकडालाबी वय व्हावं लागतं, साहेब."

धाव चढवताना

मग एका जुन्या मोडक्या गाडीची मुरलेली बाभूळ मिळाली. या वेळी नातवालाही रजा काढून बोलावले. चाकाच्या लोखंडी पट्टीला आपण धाव म्हणतो. ती चाकाच्या घेरापेक्षा किंचित कमी ठेवतात. काकांनी सुतळीने दोन्ही घेर मोजून दाखवले, लोहाराने धाव कापून पुन्हा जोडली. मग गोवऱ्यांच्या गोल भट्टीत ती तापवली.

लोखंड ५०० अंश सेल्सिअसने तापले की मीटरमागे सुमारे ६ मिलिमीटर वाढते. चार फूट व्यासाच्या चाकाची धाव या हिशेबाने सव्वादोन सेंटीमीटर वाढते आणि चाकावर सहज बसते. बसताक्षणी पाणी ओतायचे. धाव आक्रसते आणि सगळे सांधे आवळून धरते. पाण्याला उशीर झाला तर लाकूड जळते. काकांचे हात थरथरत होते, म्हणून चिमटा नातवाने धरला. पाणी पडताच सांधे करकरले. काका म्हणाले, "ऐक, हा आवाज ध्यानात ठेव."

गाडी दुरुस्त करणाऱ्यांसाठी

- झाड तोडण्यापूर्वी परवानगीची चौकशी करा. साग, खैर, आंबा, चिंच अशा झाडांना १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा लागू आहे.
- लाकडाला जवसाचे तेल द्या, लोखंडाला रेड ऑक्साइड. आसाला वंगण विसरू नका.
- उन्हाळ्यात उभ्या गाडीची चाके सावलीत ठेवा.
- मागे लाल परावर्तक पट्टी लावाच. रात्रीच्या रस्त्यावर ट्रकवाल्याला बिनदिव्याची गाडी दिसत नाही.
- १९६५ च्या नियमांप्रमाणे बैलांकडून दिवसात ९ तासांपेक्षा जास्त आणि सलग ५ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. तापमान ३७ अंशांच्या वर जाते तिथे दुपारी १२ ते ३ बैल जुंपू नयेत.

फाल्गुन वद्य षष्ठीला, संत एकनाथ महाराजांच्या पुण्यतिथीला, पैठणला मोठी यात्रा भरते. नाथांनी १५९९ साली समाधी घेतली, त्याच दिवसाची ही यात्रा. घरचे बैल कधीच विकले गेले होते. भावकीतली जोडी मागून आणली. पहाटे, ऊन व्हायच्या आत, दमणी निघाली. आत आजी, दोन नातसुना आणि भाकरीची गाठोडी. मुलगा कासरा धरून पुढे. मी मोटारसायकलवर मागे, नजर मात्र त्या चाकावर. चाक शेवटपर्यंत कुरकुरले नाही.

परत आल्यावर मी मुलाला हॉटेलवाल्याचे विचारले. तो म्हणाला, "आई म्हणते, आता विका. पण मीच नाही म्हटलं."

सुतारकाकांच्या नातवाकडे त्यानंतर आणखी दोन चाकांचे काम आले आहे. तुमच्या गावी असा जुना कारागीर असेल, तर गाडी दुरुस्तीला काढताना त्याच्याजवळ एखादे तरुण पोर बसवा. आणि त्याने मान हलवली, तर कितीही शिकलेला साहेब सांगत असला तरी थोडे थांबा.