एक काउंटर भरून भागत नाही

‘हेलियॉड आहे, बॅलिस्टा आहे, संपला डाव!’

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरच्याने ‘हेलियॉड’ म्हटलं की माझी नजर आधी त्याच्या बॅलिस्टावर ठेवलेल्या फाशावर जाते. काउंटर किती आहेत ते दाखवायला आम्ही कार्डावर फासा ठेवतो. त्यावर बहुतेक वेळा एकचा आकडा असतो. आणि एक असला तर डाव संपत नाही, बॅलिस्टा संपतो. मग पाच मिनिटं वाद, मग कुणीतरी फोनवर नियम उघडतो, मग ‘पण मी तर व्हिडिओत पाहिलं होतं’.

ज्यांचं पत्त्यांशी नातं मेंढीकोट आणि बदाम सातपर्यंत आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा १९९३ साली आलेला अमेरिकन खेळ, रिचर्ड गारफील्ड या गणिताच्या माणसाने रचलेला. मेंढीकोटात हुकमाचं पान काय करतं ते एकदा ठरलं की सगळ्यांना ठाऊक. इथे प्रत्येक कार्ड स्वतःचा कायदा छापून घेऊन येतं आणि प्रत्येक खेळाडू आपला डेक घरून बांधून आणतो. दोन कार्डांचे कायदे एकमेकांत असे अडकले की एक दुसऱ्याला चालवतं आणि दुसरं पहिल्याला, तर त्याला कॉम्बो म्हणायचं.

वॉकिंग बॅलिस्टा जानेवारी २०१७मध्ये ‘ईथर रिव्होल्ट’ या संचात आला. स्वतः ०/०, म्हणजे ताकद शून्य आणि टफनेस (मार सोसण्याची क्षमता) हीही शून्य. त्याची किंमत एक्स-एक्स: दोन माना (कार्ड खेळायला लागणारं इंधन) दिलेत तर तो एक काउंटर घेऊन उतरतो, चार दिलेत तर दोन. प्रत्येक काउंटरने तो एकेक अंकाने मोठा होतो. नंतर कधीही चार माना देऊन आणखी एक काउंटर चढवता येतो आणि एक काउंटर काढून खेळाडूला किंवा क्रिएचरला एक डॅमेज मारता येतो. कुठल्याच रंगाचा माना लागत नाही, त्यामुळे कुठल्याही डेकात बसतो. भाजीत बटाटा तसा.

हेलियॉड, सन-क्राउन्ड आला तीन वर्षांनी, जानेवारी २०२०मध्ये. त्याच्या दोन ओळी इथे कामाच्या. तुमचं लाइफ वाढलं की तुमच्या एका क्रिएचरवर किंवा एन्चँटमेंटवर काउंटर चढतो. आणि दोन माना दिले की दुसऱ्या एखाद्या क्रिएचरला त्या टर्नपुरतं लाइफलिंक मिळतं, म्हणजे त्याने मारलेल्या डॅमेजइतकं लाइफ तुम्हाला. आता चक्र मांडा. बॅलिस्टाने काउंटर काढून एक डॅमेज मारला, लाइफलिंकमुळे एक लाइफ वाढलं, हेलियॉडने काउंटर परत चढवला, बॅलिस्टाने तोच पुन्हा काढला. समोरचा वीस लाइफवर असेल तर वीस फेऱ्या.

चक्र बरोबर आहे, पण ते सुरू व्हायला दोन काउंटर लागतात आणि घोळ नेमका इथेच होतो. काउंटर काढणं हा त्या क्षमतेचा परिणाम नव्हे, ती तिची किंमत आहे. किंमत आधी चुकती होते, डॅमेज मागाहून. एकच काउंटर असेल तर तो काढताक्षणी बॅलिस्टा ०/० उरतो, आणि टफनेस शून्य झालेलं क्रिएचर ग्रेव्हयार्डात जातं. नियमावलीतलं ७०४.५एफ काढून बघा, फार मोठं नाही. हे तपासणं डॅमेज लागण्याच्या आधी होतं. सुटलेला बाण लागतो, लाइफही वाढतं (बॅलिस्टा मेला तरी मरताना त्याच्याकडे लाइफलिंक होतं हे खेळ लक्षात ठेवतो), हेलियॉडही जागा होतो. पण काउंटर ठेवणार कुणावर? ज्याच्यावर ठेवायचा तो ग्रेव्हयार्डात.

‘अरे, पण तो लगेच परत येतोय ना काउंटर!’ असं मला दर वेळी सांगितलं जातं. उधारीवर दुकान चालतं, बॅलिस्टा चालत नाही.

गंमत अशी की एका काउंटरवरही हे जमतं आणि ते शोधण्यातच खरी मजा आहे. एक काउंटरवाल्या बॅलिस्टाला लाइफलिंक द्या आणि बाण न सोडता सरळ हल्ल्याला पाठवा. समोरच्याने अडवलं नाही, तर लढाईचा एक डॅमेज लागतो. त्यात काउंटर खर्च होत नाही. लाइफ वाढलं, हेलियॉडने काउंटर दिला, आता बॅलिस्टावर दोन. इथून पुढे नेहमीचं चक्र, आणि त्या टर्नला खर्च फक्त दोन माना. अट इतकीच की बॅलिस्टा आदल्या टर्नपासून टेबलावर हवा, नुकतं उतरलेलं क्रिएचर हल्ला करू शकत नाही. दुसरी वाट सोल वॉर्डनची. दुसरं कुठलंही क्रिएचर आलं की ती एक लाइफ देते. ती आणि हेलियॉड आधीपासून बसलेले असतील, तर एक काउंटर घेऊन आलेला बॅलिस्टा येता-येताच दोनचा होतो. आणि सगळ्या क्रिएचरना +१/+१ देणारं ग्लोरियस अँथेम टेबलावर असेल, तर शेवटचा काउंटर काढल्यावरही बॅलिस्टा १/१ उरतो, मरतच नाही. मग एकावर खुशाल चालवा.

म्हणून ‘हेलियॉड अधिक बॅलिस्टा’ एवढी जोडी पाठ करून काही मिळत नाही. कोणत्या क्षणी कोणता आकडा शून्यावर येतो ते ज्याला दिसतं, त्याला या जोडीतून आणखी चार जोड्या दिसतात. स्पाइक फीडर घ्या. तोही ०/०, दोन काउंटर घेऊन येतो आणि एक काउंटर काढला की दोन लाइफ देतो. हेलियॉडसोबत तेच चक्र फिरतं, फक्त डॅमेजऐवजी हवं तेवढं लाइफ मिळतं. ज्याने बॅलिस्टाचं गणित समजून घेतलं त्याला हे कुणी सांगावं लागत नाही.

जोडी किती भारी होती हे बघायचं तर पायोनियर फॉरमॅटकडे बघा. ३ ऑगस्ट २०२० रोजी तिथे बंदी आली ती बॅलिस्टावर, हेलियॉड राहिला. मला तो निर्णय पटतो. हेलियॉड हा देव एका कामाचा होता, बॅलिस्टा हे यंत्र दहा कामांचं.

‘दहा कामांचं’ म्हटल्यावर पुढचा गैरसमज येतो: बॅलिस्टाला कुठूनही, कसंही टेबलावर आणा, चालतं. नाही चालत. एक्सला किंमत असते ती कार्ड कास्ट होत असताना, म्हणजे माना देऊन खेळलं जात असताना, कलम १०७.३ प्रमाणे इतर सगळीकडे तो शून्य. कलेक्टेड कंपनी या कार्डाने डेकातून थेट टेबलावर काढलात, तर एक्स शून्य, काउंटर शून्य, बॅलिस्टा मेला. टेबलावरच्या कार्डाला क्षणभर बाहेर काढून परत आणणाऱ्या फेलिडार गार्डियनने उचललात, तरी मेला. इथे ‘माझ्याकडे हार्डन्ड स्केल्स आहे, तो एक काउंटर जास्त देतो’ म्हणणारा एकजण हमखास असतो. स्केल्स येणाऱ्या काउंटरमध्ये एकाची भर घालतं. मुळात काउंटरच येत नसेल तर भर कशात घालणार?

तरी मॉडर्न फॉरमॅटमधला ‘हेलियॉड कंपनी’ हा डेक कलेक्टेड कंपनीवरच चालायचा. बॅलिस्टाला थेट काढण्यासाठी नव्हे. ती हेलियॉडला काढायची किंवा रेंजर-कॅप्टन ऑफ ईओसला. हा कॅप्टन डेकातून माना व्हॅल्यू (हिशोबाने निघणारी एकूण किंमत) एक किंवा कमी असलेलं क्रिएचर शोधून हातात देतो आणि डेकात पडलेल्या बॅलिस्टाची व्हॅल्यू शून्य असते. जो शून्य एके ठिकाणी जीव घेतो तोच इथे उपयोगी पडतो. पण मग अर्झाज सागा या कार्डानेही बॅलिस्टा शोधता येईल ना? सागा शून्य किंवा एक किमतीचं आर्टिफॅक्ट आणतं, बॅलिस्टा आर्टिफॅक्ट आहेच. इथे मात्र अडतं. सागा माना व्हॅल्यू विचारत नाही, कार्डाच्या कोपऱ्यात छापलेली किंमत विचारतं, आणि बॅलिस्टाच्या कोपऱ्यात शून्य छापलेला नाही, एक्स-एक्स छापलंय. मीही एकदा यात फसलोय आणि समोरच्याने शांतपणे मला कार्ड वाचायला लावलं होतं, हे प्रामाणिकपणे सांगतो.

मिकेअस, द अनहॅलोड याच्याबद्दलही अर्धवट ऐकीव माहिती फार. तो माणूस नसलेल्या तुमच्या इतर क्रिएचरना +१/+१ देतो आणि ज्याच्यावर काउंटर नसताना ते मेलं, ते एक काउंटर घेऊन परत येतं. ट्रिस्केलियन हा बॅलिस्टाचा थोरला भाऊ, १/१ अंगाचा आणि तीन काउंटर घेऊन येणारा. मिकेअससोबत तो काही बाण समोरच्यावर सोडतो, शेवटचे दोन स्वतःवर सोडून मरतो आणि चार काउंटरांसह परत येतो. त्यापुढे प्रत्येक फेरीला समोरच्याला दोन डॅमेज, अखंड. बॅलिस्टा परत येतो तो एकाच काउंटरसह, आणि तो काउंटर त्याला स्वतःला मारण्यातच खर्ची पडतो. मरण्याचं आणि जगण्याचं चक्र फिरत राहतं, समोरच्याला ओरखडाही नाही. प्रत्येक मरणाला लाइफ ओढून घेणारा ब्लड आर्टिस्ट शेजारी बसवलात तर ठीक. नाहीतर ती नुसती कवायत.

बाकीचे गैरसमज पटापट.

नुकता उतरलेला बॅलिस्टा बाण सोडू शकत नाही: सोडू शकतो, ती बंदी हल्ल्याला आणि टॅप करायच्या (कार्ड आडवं करून वापरायच्या) क्षमतांना आहे, यात टॅपची खूणच नाही.

कॉम्बो म्हणजे नियमातली पळवाट, एक प्रकारची लबाडी: नियमावलीत अशा चक्रांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. १०४.४बी सांगतं की कुणालाच थांबवता न येणारं सक्तीचं चक्र सुरू झालं तर डाव बरोबरीत.

‘इन्फिनिट’ म्हटलं की झालं: नाही झालं, आकडा सांगावा लागतो. दहा लाख म्हणा, पण म्हणा.

एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही: दर फेरीत एक क्षण असा येतो की बॅलिस्टावर एकच काउंटर असतो आणि दुसरा अजून वाटेत असतो. तेवढ्यात समोरच्याने एक डॅमेज मारला की खेळ खलास.

कॉम्बो खेळ काढणाऱ्या कंपनीनेच आखून दिलेले असतात: वर आलेला फेलिडार गार्डियन आणि साहीली राय ही जोडी कंपनीच्या चाचणीत कुणाच्या लक्षातच आली नव्हती, हे त्यांनीच नंतर मान्य केलं. एप्रिल २०१७मध्ये आधी ‘बंदी नाही’ जाहीर झालं आणि दोनच दिवसांत गार्डियनवर बंदी आली.

कमांडर फॉरमॅटमध्ये सगळं चालतं: कायद्याने बरंच चालतं, पण फेब्रुवारी २०२५मध्ये कंपनीने टेबलांच्या ज्या पायऱ्या सुचवल्या, त्यातल्या खालच्या दोन पायऱ्यांवर दोन कार्डांचे अनंत कॉम्बो नकोत असंच म्हटलंय. खेळ सुरू होण्याआधी विचारून घ्या.

आणि कमांडरचाच विषय निघालाय तर आणखी एक. बेसॉल्ट मोनोलिथ टॅप केला की तीन माना देतो आणि तीन माना घेऊन पुन्हा उभा राहतो. किनान, बाँडर प्रॉडिजी शेजारी असला की टॅपला चार मिळतात. दर फेरीला एक माना शिल्लक, म्हणजे हवे तेवढे. ते ओतायला बॅलिस्टासारखं भांडं नाही. यावर मला सांगण्यात येतं की बॅलिस्टा हातात धरून ठेवावा, कारण तसं स्वस्त पडतं. हिशोब खरा आहे. समोर तीन खेळाडू, प्रत्येकी चाळीस लाइफ, म्हणजे एकशेवीस काउंटर. हातातून कास्ट केलात तर दोनशेचाळीस माना, टेबलावर बसलेल्यावर चढवलेत तर चारशेऐंशी. पण माना अमर्याद असताना स्वस्त-महाग कसलं बघताय? हातातून खेळलेला बॅलिस्टा काउंटरस्पेलने एका फटक्यात रद्द होतो. टेबलावरच्याची क्षमता काउंटरस्पेलला रोखता येत नाही, त्याच्यासाठी वेगळं औषध लागतं. त्यामुळे समोर काउंटरस्पेलवाला निळा डेक असेल, तर दोन माना खर्चून एक काउंटरचा बॅलिस्टा आधीच उतरवून ठेवा. इथे एक भरून भागतं.