मिसळणाच्या डब्यातली बाग

कोकणातल्या घराला मागे परस असे. मोरीचे पाणी वाया न जाता अळवाला आणि केळीला मिळे. पाहुणा अवेळी आला, तरी चार पाने खुडून फतफते शिजे. पुढे पोटासाठी माणसे मुंबईस आली. परस गेले, चाळीची गॅलरी आली. गॅलरी गेली, ब्लॉकची खिडकी आली. तरी खिडकीच्या गजांत तुळशीचे एक डबडे राहिलेच!

अडचणीच्या दिवसांत माणूस पुन्हा मातीकडे वळतो, ही काही आपलीच गोष्ट नव्हे. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच इंग्लंडच्या सरकारने लोकांना घरोघरी भाजी लावण्याचे आवाहन केले आणि लंडनच्या ऐतिहासिक किल्ल्याच्या खंदकातही भाजीचे वाफे दिसू लागले.

आपल्याकडे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. त्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांची छापखान्यातली नोकरी सुटली. नोकरी गेलेल्या माणसाचा पगार जातो, हे सर्वांना दिसते. पण त्याची सकाळही जाते, हे फक्त घरच्यांना कळते. दाढी करून, कपडे चढवून हे गृहस्थ खुर्चीत बसून राहत. बोलणे खुंटले होते. पत्नीने उपदेश केला नाही. मूठभर मेथीदाणे भिजवून तिने वाटी त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, “अहो, एवढे जरा पेरून द्याल का?”

चौथ्या दिवशी हिरवे कोंब वर आले. गृहस्थांनी मुलीला हाक मारून ते दाखवले. घरात कित्येक दिवसांनी त्यांची हाक ऐकू आली होती. महिन्याभराने जी भाजी झाली, ती शिजून वाटीभरच भरली. पण वाढताना त्यांनी ती आधी पत्नीच्या पानात वाढली.

चार कुंड्यांवर घरखर्च भागत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. त्या गृहस्थांनाही दुसरी नोकरी मिळायला वर्ष लागले आणि पगारही पूर्वीपेक्षा कमीच. परंतु ज्याला रोज पाणी घालायचे आहे, त्याला रोज उठावे लागते. पडत्या काळात एवढा आधारही लहान नसतो.

शिवाय यासाठी भांडवल कोणते? मिसळणाच्या डब्यातली मोहरी आणि मेथी, बरणीतले धने – आपण ज्याला मसाला म्हणतो, ते मुळात बी आहे! भाजलेले मात्र उगवत नाही. धने हलक्या हाताने रगडून त्यांची दोन दले करावीत, मग पेरावेत. पुदिन्याची काडी पाण्यात ठेवली, तरी मुळे धरते. डब्याला तळाशी भोके हवीत, नाहीतर मुळे कुजतात. उन्हाची खिडकी निवडावी आणि माती बोटाला कोरडी लागली, तरच पाणी घालावे.

मेथी-कोथिंबिरीला थंडी मानवते, तेव्हा दिवाळीनंतरचे हे दिवस पेरणीला उत्तम. फराळाचे रिकामे झालेले डबे मोडीत घालू नका. आणि घरात कुणी अलीकडे फार गप्प बसत असेल, तर पहिला डबा त्याच्याच हाती द्या.