थोटकं आणि भिंग

सकाळी साडेसहा. घोलवडच्या किनाऱ्यावर ओहोटी आहे. रविवारची गर्दी गेली की सुरूच्या बनाखाली सिगारेटची थोटकं सापडतात. हातमोजे घालून मी ती बरणीत गोळा करते. अनेकांना फिल्टर कापसाचा वाटतो. तो असतो सेल्युलोज ॲसिटेटचा, लाकडाच्या लगद्यापासून बनवलेल्या प्लॅस्टिकचा, आणि वर्षानुवर्षं वाळूत टिकतो.

साडेआठ. वाडीत चिकू उतरवायला माणसं आली आहेत. त्यांना चहा देऊन शाळेकडे निघते.

अकरा. नववीचा विज्ञानाचा तास. ब्लेडने फिल्टर उभा चिरून भिंगाखाली ठेवते. एकात 12 हजारांहून जास्त तंतू असतात. पांढरेपणासाठी त्यात टायटॅनियम डायऑक्साइड घालतात. वर ट्रायॲसिटिन फवारलं की तंतू जरा विरघळतात, एकमेकांना चिकटतात आणि फिल्टर कडक राहतो. काहींत कोळसा असतो. तो काही विषारी वाफा धरतो, पण कार्बन मोनॉक्साइड त्यातून सरळ निघून जातो.

"बाई, हा तपकिरी झालाय. म्हणजे घाण यातच अडकली ना?"

थोडी अडकते, बाकीची फुप्फुसात जाते. या रंगाचीही एक गोष्ट आहे. 1953 मध्ये अमेरिकेतल्या आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीच्या क्लॉड टीगनं सुचवलं होतं की ओढताना फिल्टरचा रंग गडद होईल असं द्रव्य त्यात घालावं. गाळण्यात फारसा फरक पडणार नव्हता, ओढणाऱ्याची खात्री मात्र पटणार होती. त्याच सुमारास, 1952 ते 1956, केंट सिगारेटच्या फिल्टरमध्ये निळं ॲस्बेस्टॉस होतं आणि जाहिरात आरोग्यरक्षणाची! हे सांगताना मला आजही संताप येतो. तंतूंत भर घालून चव, ओढ आणि रंग सुधारले. छातीचं भलं त्यात नव्हतं.

दीड वाजता डबा, मग वह्या.

चार. एक मुलगा मागे रेंगाळतो. "आमचे बाबा बिडी सोडून फिल्टरवाली ओढतात. बरी असते म्हणतात."

त्याला भिंगातून फिल्टरच्या कागदावरची बारीक छिद्रं दाखवते. त्यांतून हवा येते, धूर सौम्य लागतो, म्हणून माणूस तो जोरात आणि खोल ओढतो. सिगारेटच्या रचनेतल्या बदलांमुळे ॲडिनोकार्सिनोमा या फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढला, असं अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या 2014 च्या अहवालात आहे.

"मग बाबांना काय सांगू?"

त्याच्या वहीत तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय क्रमांक लिहून देते: 1800-11-2356. "पैसे लागत नाहीत. तू फक्त फोन लावून त्यांच्या हातात दे."