एका पट्टीवर अख्खा तालुका

निकाल लागले की तालुक्याच्या गावातल्या महा ई-सेवा केंद्राबाहेर चपलांचा ढीग वाढत जातो. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेयर, शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रवेशाचा अर्ज. सगळ्यांना सगळं आजच हवं असतं. आत एक टेबल, स्कॅनर, प्रिंटर, अंगठा घ्यायचं यंत्र आणि एक मॉनिटर. त्यामागे बसलेल्या ताईंची बोटं कीबोर्डवर चालतात, पण नजर सारखी पडद्याच्या वरच्या कडेला जाते. तिथे टॅब दाटीवाटीने उभे असतात.

डावीकडून पहिला व्हॉट्सॲप वेबचा, कारण गिऱ्हाइकांची निम्मी कागदपत्रं तिथेच येतात. शेजारी दाखल्यांचं पोर्टल. मग पीडीएफची साइझ कमी करून देणारी एक साइट; पोर्टलला काही केबींच्या वरची फाइल चालत नाही आणि मोबाइलवर काढलेला फोटो काही एमबींचा असतो. मग फोटो कापायची साइट. नावं देवनागरीत टाइप करायची साइट. कुणाचा तरी सातबारा. कालचं राहिलेलं वीजबिल. पेमेंटचं एक पान, त्यावर बॅक किंवा रिफ्रेश दाबू नका असा लाल अक्षरांतला दम. पावती वेगळ्या खिडकीत उघडणार होती, ती पॉप-अप ब्लॉकरने अडवली. आता पैसे गेले की नाही ते पाहायला बँकेच्या मेसेजची वाट बघायची.

"काका, रेशनकार्डाचं मागचं पान पण पाठवा. आणि फोटो सरळ काढा, सावली येतेय."

काका पाठवतात. ताई व्हॉट्सॲपच्या टॅबवर जातात, फाइल उतरवून घेतात, साइझ कमी करायच्या टॅबवर नेतात, ती लहान करून पुन्हा उतरवतात, पोर्टलच्या टॅबवर येऊन अपलोड करतात. एका अर्जाला ही फेरी प्रत्येक कागदासाठी होते. मध्येच कुणाचा तरी ओटीपी येतो, तो दहा मिनिटांत टाकला नाही तर वाया जातो, म्हणून हातातलं सोडून तिसऱ्याच टॅबवर उडी.

पंधराएक टॅब होईपर्यंत क्रोमच्या पट्टीवर थोडंफार नाव वाचता येतं. पुढे टॅब आक्रसत जातात, नाव गळून पडतं आणि नुसतं चिन्ह उरतं. दाखल्यांचं पोर्टल चार जणांसाठी चार वेळा उघडलेलं असेल तर चार सारखी चिन्हं. माउस नेऊन ठेवला तर पूर्ण नाव दिसतं खरं, पण तेही चौघांचं एकच, पोर्टलचं. क्रोमने 2021 साली टॅब शोधायची सोय दिली. कंट्रोल, शिफ्ट आणि ए एकत्र दाबलं की उघड्या टॅबांची यादी येते. यादीतही पुन्हा तीच चार सारखी नावं. फायरफॉक्स टॅबला एका मर्यादेपलीकडे बारीक होऊ देत नाही, त्याऐवजी पट्टी आडवी सरकवायला लावतो. म्हणजे क्रोममध्ये टॅब दिसतो पण ओळखू येत नाही, आणि फायरफॉक्समध्ये ओळखू येतो पण समोर दिसत नाही. मग ताई टेबलावरच्या वहीत लिहून ठेवतात: दुसरा शिंद्यांचा, चौथा त्या कॉलेजवाल्या मुलीचा. मध्येच एखादा टॅब बंद झाला की वही खोटी ठरते.

खरा घोळ होतो तो लॉगिनचा. शिष्यवृत्तीचा अर्ज विद्यार्थ्याच्या स्वतःच्या लॉगिनने भरायचा असतो. भाऊ-बहीण एकत्र आले, एका टॅबमध्ये भावाचं लॉगिन केलं आणि त्याचा कागद येईपर्यंत दुसऱ्या टॅबमध्ये बहिणीचं उघडलं, तर पडद्यावर सगळं ठीक दिसतं. पण लॉगिनची खूण, म्हणजे कुकी, टॅबागणिक वेगळी नसते. ती त्या संपूर्ण ब्राउझर प्रोफाइलची असते. बहिणीने लॉगिन केलं त्या क्षणी भावाच्या टॅबचीही ओळख बदललेली असते, फक्त पान जुनंच दिसत राहतं. तिथे सबमिट मारलं की एक तर अर्ज उडतो, नाही तर भावाची माहिती बहिणीच्या खात्यात जाते. इन्कॉग्निटो खिडकी हा सर्वांना ठाऊक असलेला उपाय, पण तोही एकदाच पुरतो. इन्कॉग्निटोच्या सगळ्या खिडक्या आपापसात एकच लॉगिन वाटून घेतात. तिसरं भावंड आलं की दुसरा ब्राउझर उघडायचा. फायरफॉक्सने 2017 मध्ये कंटेनर नावाचं एक्स्टेन्शन आणलं, त्यात टॅबांना रंग देऊन प्रत्येक रंगाचं लॉगिन खरोखर वेगळं ठेवता येतं. केंद्रचालकांच्या नेमक्या गरजेची वस्तू, पण ती मुळातच ब्राउझरमध्ये असायला हवी होती. शोधून, वेगळी बसवून घ्यावी लागते म्हटल्यावर ती बहुतेकांपर्यंत पोचत नाही.

टॅब आले तेव्हा हे असं काही कुणाच्या डोक्यात नव्हतं. 1990च्या दशकात नेटकॅप्टरसारख्या छोट्या ब्राउझरांनी ते रुजवले, ऑपेरानेही एका खिडकीत अनेक पानं उघडायची सोय दिली, 2004 साली फायरफॉक्सच्या पहिल्या आवृत्तीने ते घरोघरी नेले आणि 2006 मध्ये इंटरनेट एक्स्प्लोररच्या सातव्या आवृत्तीलाही ते घ्यावे लागले. तेव्हा पान म्हणजे वाचायची गोष्ट. चार लेख उघडून ठेवले, एकेक वाचला, बंद केला. पुढे त्याच पानांत मेल आलं, बँक आली, तहसील कार्यालय आलं. आज पट्टीवरचा एक टॅब म्हणजे नंतर बघू म्हणून ठेवलेली चिठ्ठी असते आणि शेजारचा टॅब म्हणजे चालू असलेलं अख्खं सॉफ्टवेअर. ब्राउझर मात्र दोघांना एकाच मापाचा चौकोन देतो. टॅबांच्या बहुतेक कटकटींचं मूळ या एका गोष्टीत आहे.

चिठ्ठ्यांचं एक वेळ समजू शकतं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2021 साली याचा अभ्यास मांडला. बंद केलं तर पुन्हा सापडणार नाही, या धास्तीने माणसं टॅब उघडे ठेवतात, असं त्यात दिसलं. आणि पाहणीतल्या साधारण एक चतुर्थांश लोकांनी टॅबांच्या गर्दीने आपला ब्राउझर किंवा संगणकच कोलमडल्याचं सांगितलं. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये शंभर टॅब झाले की आकड्याच्या जागी हसरा चेहरा दिसतो. मोजणं सोडून दिल्याची एवढी खेळकर कबुली दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरने दिली नसेल.

चालू सॉफ्टवेअरचं दुखणं वेगळं. 2008 मध्ये क्रोम आला तो एक मोठा बदल घेऊन. टॅब शक्यतो स्वतंत्र प्रोसेसमध्ये चालवायचे, म्हणजे एक कोसळला तरी बाकीचे वाचतात. हे फारच चांगलं झालं, पण त्याची किंमत मेमरीत मोजावी लागते. चार जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर वीस-पंचवीस टॅब उघडले की सगळं अडखळायला लागतं. मग त्यावर उतारा म्हणून न वापरलेले टॅब झोपवायची पद्धत आली. एजमध्ये 2021 च्या सुरुवातीला, क्रोममध्ये मेमरी सेव्हर या नावाने 2022 च्या अखेरीस. क्रोममध्ये टॅब पट्टीवर दिसत राहतो, पण आतलं पान मेमरीतून काढून टाकलेलं असतं. टिचकी मारली की ते नव्याने लोड होतं.

बातमीचं पान असेल तर काही बिघडत नाही. अर्धवट भरलेला फॉर्म असेल तर क्रोम तो टॅब झोपवायचं टाळतो. पण सरकारी अर्ज चार-पाच पानांचा असतो. तिसरं पान भरून पुढे दाबलं, चौथ्यावर अजून काहीच टाइप केलेलं नाही, आणि इतक्यात उत्पन्नाचा पुरावा आणायला माणूस तलाठ्याकडे गेला. ब्राउझरच्या लेखी चौथं पान कोरं आहे, म्हणजे झोपवायला मोकळं. माणूस तासाभराने कागद घेऊन येतो, ताई टॅबवर जातात, पान नव्याने लोड होऊ लागतं, आणि तोवर सर्व्हरनेही सेशन संपवलेलं असतं. पुन्हा लॉगिन, पुन्हा पहिलं पान. अशा वेळी गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, तुमचं मशीन जुनं झालंय." मशीन जुनं असतंच, पण दोष त्याच्या एकट्याचा नसतो. टॅब पिन करून ठेवला तर क्रोम त्याला झोपवत नाही, शिवाय सेटिंगमध्ये ठरावीक साइटना कायमची सूट देता येते. पोर्टलचा पत्ता त्या यादीत टाकून ठेवणं हे कुठल्याही केंद्रात दोन मिनिटांचं काम आहे. सर्व्हरच्या सेशनवर मात्र त्याचा काही इलाज चालत नाही.

टॅब नीट लावायचे प्रयोग झाले नाहीत असं नाही. फायरफॉक्सने 2011 मध्ये टॅबांचे गट करायची सोय दिली, वापर कमी म्हणून 2016 मध्ये काढून टाकली आणि 2025 मध्ये पुन्हा आणली. दरम्यान क्रोम, सफारी, एज सगळ्यांनी गट आणले. गट करायला आधी थांबून विचार करावा लागतो. रांग दारात असताना तेवढी उसंत कुणाला? एजमधले उभे टॅब त्यापेक्षा उपयोगी. पडद्याच्या डाव्या कडेला एकाखाली एक नावं येतात आणि ती वाचताही येतात. आजचे मॉनिटर रुंद असतात, पोर्टलची पानं मधोमध अरुंद पट्ट्यात बसवलेली, दोन्हीकडची जागा रिकामीच. तरीही आडवी पट्टी हीच अजून बहुतेक ठिकाणी ठरलेली रीत आहे.

जे सॉफ्टवेअरच आहे त्याला टॅबमधून बाहेर काढून स्वतःची खिडकी द्यावी, हा विचारही जुना. 2007 साली पहिला आयफोन आला तेव्हा बाहेरच्यांनी वेब ॲपच बनवावीत असं स्टीव्ह जॉब्स सांगत होते. साधारण वर्षभराने ॲप स्टोअर उघडलं आणि ती वाट बाजूला पडली. 2015 च्या सुमारास प्रोग्रेसिव्ह वेब ॲप हे नाव आलं, त्याच वर्षी फ्लिपकार्टने मोबाइल ब्राउझरसाठी त्या धर्तीची आवृत्ती काढून दाखवली. फायरफॉक्सने डेस्कटॉपवर चालवलेला तसा प्रयोग 2021 च्या सुरुवातीला गुंडाळला आणि 2025 मध्ये विंडोजपुरता परत आणला. ॲपलने 2024 च्या फेब्रुवारीत युरोपियन संघात आयफोनच्या होम स्क्रीनवरची वेब ॲप बंद करायचं ठरवलं आणि ओरड झाल्यावर 1 मार्चला माघार घेतली. ज्या सोयीबद्दल बनवणारेच इतकी धरसोड करतात, तिच्या भरवशावर कोण काय उभारणार?

तरी ताईंच्या मशीनवर व्हॉट्सॲप वेबला अशी खिडकी दिली तर फरक जाणवतो. टास्कबारवर त्याचं स्वतःचं चिन्ह येतं, चुकून बंद होत नाही, पट्टीवरची एक जागा सुटते. पोर्टलचं तसं करायला गेलं की अडतं. पेमेंटचं पान किंवा पावती नव्या टॅबमध्ये उघडणारी असेल तर ती या खिडकीत न येता मूळ ब्राउझरमध्ये जाते, आणि दोन खिडक्यांत शोधाशोध सुरू होते. शिवाय पत्त्याची पट्टीच नसल्यामुळे साइट अडकली तर पत्ता पुन्हा टाकायची नेहमीची युक्तीही हाताशी राहत नाही.

कोपऱ्यात अजून एक जुना संगणक असतो. कंत्राटदाराची निविदा भरायची, डोंगल लावून डिजिटल सही करायची, अशी काही जुनी कामं इंटरनेट एक्स्प्लोररशिवाय होत नसत. मायक्रोसॉफ्टने 15 जून 2022 ला तो ब्राउझर निवृत्त केला, पण एजमध्ये त्याची जुनी तऱ्हा किमान 2029 पर्यंत चालू ठेवण्याचं आश्वासन दिलं आहे. तोवर तो संगणकही जागचा हलणार नाही.

प्रमुख ब्राउझर अमेरिकेत बनतात, ते बनवणाऱ्यांपर्यंत तालुक्याचं गाऱ्हाणं पोचायला वेळ लागेल. पोर्टलं मात्र इथेच बनतात. ती बनवणाऱ्यांनी एवढंच करावं: टॅबवर दिसणाऱ्या नावात पोर्टलचं लांबलचक शीर्षक टाकण्याआधी अर्जाचा क्रमांक टाकावा. कोडमध्ये ती एका ओळीची दुरुस्ती आहे.