तऱ्हाळ्याचे राजे

मेहकर तालुक्यातील डोणगावाहून पूर्वेकडे निघाले की बुलढाणा जिल्ह्याची हद्द सरून वाशीम जिल्हा लागतो. त्या जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातील तऱ्हाळा या गावाचे नाव त्या मुलखात नित्य हिंडणाऱ्यांसही ठाऊक असेलच असे नाही, परंतु दक्षिणेच्या प्राचीन इतिहासाच्या अभ्यासकांत ते सुपरिचित आहे. हा प्रदेश अकोला जिल्ह्यात मोडत असता, १९३९ साली, तेथे सातवाहनांच्या सुमारे १६०० नाण्यांचा निधी सापडला, आणि नागपूरचे विद्वान वासुदेव विष्णु मिराशी यांनी तो वाचून काढल्यावर, पुराणांतील वंशावळींत ज्यांचा मागमूसही नाही असे कुंभ, कर्ण आणि शक हे सातकर्णी राजे उजेडात आले.

ही नाणी सोन्यारुप्याची नव्हेत. तांब्यात शिसे, कथील इत्यादी मिसळून केलेल्या हिणकस धातूची ती आहेत. नाणकशास्त्रज्ञ त्या धातूस पोटीन म्हणतात. एका अंगास सोंड उचललेला हत्ती व भोवती ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख, दुसऱ्या अंगास चार वर्तुळे जोडणारे उज्जयिनी चिन्ह. लेखाचा आरंभ ‘रञो सिरि’ असा होतो आणि पुढे राजाचे नाव षष्ठीत येते. पण ठसा मोठा नि धातूची चकती लहान, त्यामुळे एका नाण्यावर आरंभीची दोनतीन अक्षरेच उमटतात, तर दुसऱ्यावर केवळ ‘कणिस’ एवढे शेपूट उरते. अशी अनेक नाणी शेजारी शेजारी मांडून, एकावरील तुटके अक्षर दुसऱ्यावरून भरून काढावे, तेव्हा कोठे एक राजा हाती लागतो.

बायझंटाईन सम्राटांची तांब्याची नाणी जमविणारे या बाबतीत भाग्यवानच म्हणावे लागतील. अनास्तासियसने इ. स. ४९८ मध्ये तेथील चलनाची घडी बसविली तेव्हा फोलिस या नाण्यावर ग्रीक अंकलेखनातील चाळीसचे अक्षर ठळक कोरले गेले, कारण एका फोलिसचे चाळीस नुम्मी होत. पुढे जस्टिनियनने ५३८ च्या सुमारास राज्यवर्षही कोरविले, त्यामुळे सम्राट, टांकसाळ आणि साल ही तिन्ही एका नाण्यावर मिळू लागली. हेराक्लियसच्या युद्धग्रस्त कारकिर्दीत जुन्याच नाण्यांवर नवे ठसे मारले गेले आणि आधीच्या सम्राटाच्या खुणा खालून डोकावत राहिल्या. दफ्तरातही इतका प्रामाणिकपणा क्वचितच आढळतो.

सातवाहनांच्या नाण्यांवर साल नाही. म्हणूनच कोणत्या राजाची नाणी कोणाच्या नाण्यांबरोबर, किती, कोणत्या गावी सापडली, हाच त्यांचा दाखला. जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन जिल्हाधिकाऱ्यास कळवावे, असे १८७८ चा कायदा सांगतो; तरीही अशा निधीची गावातच वाटणी होते, काही नाणी मुशीत वितळतात, काही चिंच लावून इतकी घासली जातात की हिरव्या थराबरोबर अक्षरेही जातात, आणि उरलेली बाजारात सुटी विकली जातात. तेथून ‘कणिस’ एवढेच शिल्लक असलेले नाणे कितीही हौसेने विकत घेतले, तरी ते कुंभाचे की कर्णाचे, हे सांगू शकणारी नाणी तोवर दुसऱ्या कोणाच्या पेटीत गेलेली असतात.